हुमणी आणि हिरवी बुरशी : करवीर तालुक्यातल्या प्रकल्प नोंदी

१८ एप्रिल

रानं ठरली. हुमणी म्हणजे जमिनीत राहून उसाची मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी. तिला रोग लावून मारणारी मेटारायझियम ही हिरवी बुरशी आमच्या रानात किती चालते, ते यंदा बघायचं आहे. एक मामांचा माळावरचा तुकडा. तांबडी, हलकी माती, को ८६०३२ या उसाच्या जातीचा खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस. दुसरं भोगावती नदीच्या काठचं काळं रान, आमच्या शेतकरी गटातल्या तात्यांचं, तिथंही खोडवाच. गेल्या साली गणपतीनंतर दोन्हीकडं उसाची बेटं पिवळी पडत गेली. बेट धरून ओढलं की अलगद हातात यायचं, कारण खाली मूळच शिल्लक नव्हतं.

हुमणी रानभर सारखी नसते. एका सरीत भरपूर, तर चार सऱ्या सोडून काहीच नाही. त्यामुळं अर्ध्या रानात बुरशी आणि अर्ध्यात काही नाही असं केलं तर फरक बुरशीचा की जागेचा हे कळायचं नाही. म्हणून आलटूनपालटून पट्टे पाडलेत: एक बाजारातल्या बुरशीच्या पुड्याचा, एक आम्ही तांदळाच्या कणीवर वाढवलेल्या बुरशीचा, एक रिकामा. खुंट्या मारून रंग दिलेत.

रिकामा पट्टा मामांना पटलेला नाही. "औषध हाताशी असताना तेवढं रान उपाशी ठेवायचं? तुझ्या वहीसाठी व्हय गं?" मी म्हटलं, मामा, त्या पट्ट्याशिवाय वहीत लिहायला काहीच राहणार नाही. ते काही बोलले नाहीत, पण खुंट्या स्वतःच मारल्या.

२ मे

पुड्यांची तपासणी. पुड्यावर मेटारायझियम ॲनिसोप्ली १.१५ टक्के आणि ग्रॅमला किमान १० कोटी सीएफयू असं छापलेलं असतं. सीएफयू म्हणजे उगवण्याची ताकद असलेले जिवंत बीजाणू, बुरशीचं बीच म्हणा. मेलेले धरायचे नाहीत. वेगवेगळ्या दुकानांतून पुडे आणले, एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत पातळ करत करत बशीवर घातले. बहुतेकांची उगवण चांगली. एकाची मात्र जवळजवळ काहीच नाही. तारीख संपलेली नव्हती. पण तो पुडा पत्र्याखाली, खताच्या थप्पीवर उन्हाळाभर बसलेला होता. पस्तिशीच्या वर पारा गेला की ही बुरशी वाढायची थांबते, आणि पत्र्याखालच्या उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे काढले की बीजाणू मरतात. गटात आता नियम केला आहे: पुडा घेताना तारीख बघायचीच, पण तो ठेवला कुठं होता हेही बघायचं.

आता हिशोब, कारण माझ्या मते सगळा खेळ इथंच आहे. शिफारस हेक्टरी १० किलो, म्हणजे एकरी ४ किलो. ग्रॅमला १० कोटी धरले तर ४ किलोत ४०,००० कोटी बीजाणू. आकडा ऐकून गटात सगळे खूश झाले. पण एकराची वरची सहा इंच माती म्हणजे जवळजवळ ६२ कोटी घन सेंटीमीटर. भागाकार केला की एका घन सेंटीमीटरला साडेसहाशे बीजाणू. चिमूटभर मातीत साडेसहाशे, आणि हुमणीनं त्यांच्या अंगाला घासून जायचं. हे फार विरळ आहे.

तेच ४ किलो फक्त सरीत, उसाच्या बुडाशी, आठ इंच रुंद आणि चार इंच खोल पट्ट्यात घातलं तर? साडेचार फुटी सरी असेल तर एकरात सुमारे ९,७०० फूट सरी भरते, माती सहा कोटी घन सेंटीमीटरच्या आसपास, आणि घन सेंटीमीटरला साडेसहा हजार बीजाणू. दसपट. खर्च तोच. नाहीतरी हुमणी येणार मुळापाशीच. रानभर फोकून देणाऱ्यांनी "बुरशीनं काही होत नाही" म्हणावं यात नवल नाही.

१० मे

कणीचं काम. तांदळाची कणी धुऊन, भिजवून, निथळून पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांत भरली, तोंडाला कापसाचा बोळा, कुकरात शिजवून निर्जंतुक केली. गार झाल्यावर मदर कल्चर, म्हणजे बुरशीचं विरजण, सोडलं. खोलीत २५ ते २८ अंश राखायला ओली पोती टांगली आहेत. कोल्हापूरचा मे पुण्या-सोलापुराएवढा तापत नाही, तरी दुपारी पोती पुन्हा पुन्हा भिजवावी लागतात. पहिल्यांदा पिशवीत पांढरं जाळं धरतं, मग गर्द हिरवा रंग चढतो. गठ्ठे बाहेरूनच बोटांनी फोडत राहायचे, म्हणजे आतल्या दाण्यांना हवा मिळते.

हिरवं दिसलं की झालं, असं मात्र नाही. पेनिसिलियमही निळसर हिरवी, ट्रायकोडर्माही हिरवी. मेटारायझियमचा हिरवा जरा काळपट, शेवाळी. पिवळी किंवा काळी बुरशी दिसली तर ती पिशवी न उघडता जाळायची, कारण ती ॲस्परजिलस असू शकते आणि ती नाकातोंडात जाणं बरं नाही. मास्क नसेल त्यानं खोलीत यायचं नाही. मामींनी दारावर खडूनं लिहूनच ठेवलं आहे.

कणीचा नाद कशासाठी, हे काहींनी विचारलं. युरोपात कॉकचेफर नावाच्या भुंगेऱ्याची अळी कुरणांची मुळं खाते. तिच्यासाठी तिकडं ब्युव्हेरिया ब्रॉन्ग्निआर्टी ही बुरशी जवाच्या दाण्यांवर वाढवतात आणि दाणेच जमिनीत पेरतात. दाणा म्हणजे बुरशीची शिदोरी. मातीत गेल्यावरही त्या दाण्यावर ती काही दिवस वाढते, नवे बीजाणू धरते. पुड्यातल्या भुकटीला ती सोय नाही. जव आपल्याकडं कुठला, म्हणून कणी.

१६ मे

शेणखताचा वाद. बुरशी शेणखतात मिसळून, सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवून "वाढवायची" असं सगळीकडं सांगतात. ट्रायकोडर्मासाठी ठीक आहे, ती शेणखतात दांडगाईनं वाढते. मेटारायझियमला मात्र तिथं हजार भाऊबंद खाऊ की गिळू करत असतात. मी शेणखत वापरते ते वाहन म्हणून: ४ किलो भुकटी सरीत सारखी पडत नाही, कुजलेल्या खतात मिसळली की पडते. खत पूर्ण कुजलेलं आणि गार हवं. हात घातल्यावर ऊब लागली तर त्यात बुरशी घालायची नाही.

उकिरडा उकरताना पोरांना अंगठ्याएवढ्या जाड अळ्या सापडल्या आणि गलका झाला, हुमणी, हुमणी. त्या गेंडा भुंगेऱ्याच्या अळ्या. दिसायला तशाच, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, पण कुजक्या खतावर जगणाऱ्या. नारळवाल्यांचा तो शत्रू, आणि त्याच्यासाठीसुद्धा शेणाच्या खड्ड्यात मेटारायझियमच सोडतात. तरी खत चाळून घेतलं, कारण त्यात हुमणीही असू शकते आणि आपणच ती रानात नेऊन टाकायचो.

२७ मे

रोहिणी लागल्या आणि परवा वळीव झोडपून गेला. काल दिवस मावळल्यावर माळाच्या बांधावरच्या कडुनिंबावर आणि बाभळीवर भुंगेरे. जमिनीतून निघतात, अंधार पडता पडता झाडावर जमतात, पाला खातात, जुळतात आणि पहाटेआधी पुन्हा मातीत. मादी त्यानंतर जमिनीत अंडी घालते, पन्नास-साठच्या आसपास. म्हणजे आज एक मादी रॉकेलच्या पाण्यात गेली तर जुलैत तेवढ्या अळ्या कमी. बुरशीचं कितीही कौतुक असलं तरी या एका संध्याकाळच्या कामाशी तिची बरोबरी नाही, हे मी प्रकल्पाच्या वहीतच लिहून ठेवते.

खाली ताडपत्री, वर काठीनं फांदी हलवायची. गल्लीतली सगळी पोरं आली. शेजारच्या मळ्यातून मात्र कुणी आलं नाही आणि त्यांच्या निंबावर भुंगेऱ्यांची घरघर ऐकू येत होती. एकट्यानं भुंगेरे धरणं म्हणजे अर्धं काम. ते उडून आपल्याच रानात अंडी घालणार.

नदीकाठी वेगळंच. तिथला भुंगेरा ल्युकोफोलिस लेपिडोफोरा, कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठच्या रानांतला जुना रहिवासी. माळावरचा होलोट्रिकिया सेराटा. ल्युकोफोलिस निंबा-बाभळीवर पाला खायला जमत नाही. जमिनीतून निघतो, उडतो, जुळतो, परत जातो. झाड हलवून तो सापडत नाही, म्हणून नदीकाठच्या लोकांना बुरशीची गरज माळापेक्षा जास्त. दुर्दैवानं तिथंच ती चालवणं अवघड, ते पुढं येईलच.

१४ जून

मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, आणि बुरशी घातली. दुपार टाळली, कारण उन्हातली अतिनील किरणं बीजाणू मारतात. उन्हं उतरल्यावर सरीत बुडाला खत-बुरशी आणि कणी टाकत गेलो, मागोमाग मातीनं झाकत. बायका पुढं, मातीवाले मागं. उघड्यावर काही ठेवायचं नाही.

पंपाच्या टाकीवरून थोडी कटकट झाली. पुड्याचा एक पट्टा आळवणीनं, म्हणजे पाण्यात कालवून बुडाशी ओतून, करायचा होता आणि आणलेल्या पंपात आदल्या आठवड्यात बुरशीनाशक होतं. कार्बेन्डाझिम असो की मॅन्कोझेब, त्याला रोगाची बुरशी आणि आपली बुरशी यांत फरक कळत नाही. पंप परत पाठवला, झारीनं काम केलं.

८ जुलै

तरणा पाऊस. मामांच्या रानात फूटभर लांब, रुंद आणि खोल असे खड्डे घेतले, प्रत्येक पट्ट्यात ठिकठिकाणी. अळ्या निघाल्या आहेत, पहिल्या अवस्थेतल्या, दुधी, तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. मेलेली एकही नाही. रिकाम्या पट्ट्यात आणि बुरशीच्या पट्ट्यात डोळ्यांना काहीच फरक नाही.

मामा खड्ड्याच्या काठावर उभे. "न्हाई लागू पडलं."

लागू पडायला वेळ लागतो, हे सांगताना मी आत काय चालतं ते सगळं सांगितलं. बीजाणू अळीच्या अंगाला चिकटतो. ओल मिळाली की रुजतो, कोंब काढतो. त्या कोंबाच्या टोकाला एक फुगवटा येतो, तो कातडीवर घट्ट बसतो, आणि तिथून प्रथिनं आणि कायटिन विरघळवणारी विकरं सोडत, शिवाय जोर लावून, बुरशी आत शिरते. अळीनं ती खावी लागत नाही. आत गेल्यावर रक्तात तुकड्या-तुकड्यांनी वाढते, डिस्ट्रक्सिन नावाची विषं सोडते. अळी खाणं कमी करते, मंदावते आणि मग मरते. हुमणीच्या बाबतीत याला आठवडे लागतात. मध्येच अळीनं कात टाकली तर चिकटलेले बीजाणू कातेबरोबर निघून जातात आणि तिची सुटका होते. लहान अळी नाजूक, म्हणून जून-जुलै. सप्टेंबरात तीच अळी तिसऱ्या अवस्थेत जाते, थोराड होते, चार महिने मुळं खाते, आणि तेव्हा बुरशीच काय, कीटकनाशकालाही दाद देत नाही.

मामांनी ऐकून घेतलं. "म्हंजी दुखणं लावायचं, मारायचं न्हाई."

हो, तसंच.

२५ जुलै

म्हातारा पाऊस, सलग. पंचगंगेला पाणी चढलं, भोगावतीच्या काठचं रान पाण्याखाली. चिखलीच्या प्रयाग संगमापासूनची वाट बंद. नोंद घ्यायला जाता येत नाही.

या बुरशीची जन्मकथा शेतातलीच आहे, हे घरी बसल्या बसल्या लिहून ठेवते. पुढं पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात या शोधासाठी नोबेल मिळवलेला एली मेच्निकोव्ह १८७९ मध्ये ओडेसाच्या भागात गहू खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या मागं लागला होता. त्या भुंगेऱ्याचं नाव ॲनिसोप्लिया. त्याच्या मेलेल्या अळ्यांवर ही हिरवी बुरशी सापडली, म्हणून ॲनिसोप्ली. मेच्निकोव्हनं तेव्हाच म्हटलं होतं की ही मुद्दाम वाढवून रानात सोडता येईल. १८८४ च्या सुमाराला क्रासिल्शचिकनं युक्रेनमध्ये बीटच्या सोंडकिड्यासाठी ती मोठ्या प्रमाणावर तयारही केली. त्याच्याही आधी, १८३५ मध्ये, इटलीत आगोस्तिनो बास्सीनं रेशमाच्या अळ्या पांढऱ्या पडून मरतात त्या रोगामागं बुरशी आहे हे दाखवलं. तीच आजची ब्युव्हेरिया बॅसियाना. थोडक्यात, डीडीटीच्या कितीतरी आधीची विद्या आहे ही. गटात कुणी "नवं फॅड" म्हटलं की हे वाचून दाखवते.

१३ ऑगस्ट

पूर ओसरला. नदीकाठी सरी दिसत नाही इतका गाळ. तिथं अळ्याही कमी दिसतात. जमीन फार दिवस पाण्याखाली राहिली की हुमणी गुदमरते, पण हवा न मिळाल्यानं बुरशीही थंडावते. तिथले पट्टे यंदा धरायचे नाहीत असं ठरवलं. धरले असते तर पुराचं श्रेय बुरशीला गेलं असतं.

माळावर मात्र पहिली सापडली. कणीच्या पट्ट्यात, उसाच्या बुडाशी, चार बोटं खोल. ताठ, खडूसारखी, सांध्यांतून पांढरं जाळं, पाठीवर हिरवट झाक. मामींनी ती तळहातावर घेतली आणि सगळ्या शेजारणींना दाखवून आल्या.

त्यानंतर दोन दिवस लोक मेलेल्या अळ्या डब्यांतून आणून देत आहेत. त्यांतल्या बऱ्याच काळ्या, लिबलिबीत, घाण वासाच्या. त्या जिवाणूंनी किंवा नुसत्या सडून मेलेल्या. एक विटकरी लाल होती, वास नाही, अंग सैल. ती सूत्रकृमीची, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक कृमींनी मारलेली. हेटेरोऱ्हॅब्डायटिस जातीचे सूत्रकृमी आपल्याबरोबर जिवाणू घेऊन आत शिरतात आणि अळी लाल होते. त्यांच्यातला इंडिका हा कोइंबतूरजवळच्या मातीतून १९९२ मध्ये नोंदला गेला. आमच्या माळावर तो आहे की त्याचा भाऊबंद, हे कळायला तपासणी हवी, पण तो आहे याचा मला आनंद झाला.

बुरशीनं मेलेली अळी मऊ नसते आणि कुजत नाही. शंका असेल तर अळी ओल्या कागदावर झाकणाच्या डबीत ठेवायची. मेटारायझियम असेल तर काही दिवसांत आधी पांढरी, मग हिरवी होते. आमच्या फडताळात आता चटणीच्या बरणीशेजारी असल्या डब्यांची रांग आहे. मामींनी त्यांवर लाल कागद चिकटवले आहेत.

३० ऑगस्ट

गळ टाकून बघितला. मातीत बुरशी जिवंत आहे का हे बघायची जुनी रीत: मातीचा नमुना डबीत घ्यायचा, त्यात मेणपतंगाच्या अळ्या सोडायच्या आणि डबी अधूनमधून उलटी करायची, म्हणजे अळ्या मातीतून फिरतात. मेणपतंग मधपाळांच्या पोळ्यांना लागणारी कीड. भुदरगडातलं पाटगाव मधाचं गाव म्हणून नावाजलेलं, तिथल्या एका मधपाळकाकांकडून मागवल्या. "हे पैसे देऊन न्यायची गोष्ट हाय व्हय?" म्हणाले आणि पिशवी भरून दिली.

कणीच्या पट्ट्यातल्या डब्यांत बहुतेक अळ्या हिरव्या पडल्या, पुड्याच्या पट्ट्यात त्याहून कमी. इथवर अपेक्षेप्रमाणं. पण रिकाम्या पट्ट्यातल्या एका डबीतही हिरवी, आणि बांधावरच्या गवताखालची माती म्हणून सहज घेतलेल्या नमुन्यात तर चांगलीच.

याचे दोन अर्थ. पावसाच्या पाण्यानं किंवा कुदळ-खुरप्यानं आमची बुरशी तिकडं गेली असेल. किंवा ती तिथं आधीपासूनच होती. मेटारायझियम जगभरच्या मातीत, विशेषतः गवताच्या मुळांच्या आसपास राहते. बांध कधी नांगरलेला नाही, तिथं कधी काही फवारलेलं नाही. मला दुसरं खरं वाटतं, पण डीएनए तपासल्याशिवाय ते सिद्ध होत नाही आणि तेवढे पैसे गटाकडं नाहीत. बांधावरची हिरवी अळी वेगळी ठेवली आहे, तिच्यावरून कल्चर काढणार. ती इथल्या उन्हा-पावसाला सरावलेली आहे.

२१ सप्टेंबर

उत्तरा. पुन्हा खड्डे, आता अळ्या मोठ्या. माळावर कणीच्या पट्ट्यात जिवंत अळ्या सगळ्यांत कमी. पुड्याच्या पट्ट्यात रिकाम्यापेक्षा कमी, पण काही खड्ड्यांत उलटंही. अळ्या संपल्या असा एकही पट्टा नाही. खड्डे थोडे, रान एक, साल एक. यावरून टक्केवारी काढून कुणाला सांगणार नाही.

रिकाम्या पट्ट्याच्या कडेला बेटं पिवळी पडायला लागली तसा मामांचा धीर सुटला. "पूर्वी फोरेट टाकलं की विषय संपायचा." फोरेट या कीटकनाशकावर २०२० च्या डिसेंबरअखेरपासून देशात बंदी आहे, आणि विषय तेव्हाही संपत नव्हता, दरसाल टाकावं लागायचंच. पण पिवळी बेटं त्यांची आहेत, वही माझी. तेवढ्या जागेवर फिप्रोनील आणि इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकांची आळवणी करायला मी हो म्हटलं आणि ती जागा नोंदीतून वगळली. इमिडाक्लोप्रिड आणि मेटारायझियमचं वाकडं नाही. कमी मात्रेत त्यानं अळी सुस्तावते आणि बुरशीला बरं पडतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. सेंद्रियवाल्या मित्रांना हे आवडणार नाही. मामांचं देणं ऊस कारखान्याला गेल्यावर फिटतं, त्यांच्या आवडीवर नाही.

२ नोव्हेंबर

पुढल्या सालासाठी ठरलेलं.

पुडा बंद, कणी चालू. बांधावरच्या बुरशीचं कल्चर निघालं, रंग आणि वाढ चांगली. तिची आणि विकतच्या कल्चरची कणी वेगवेगळ्या पट्ट्यांत घालायची. नदीकाठी जूनऐवजी पूर ओसरून वाफसा आल्यावर घालून बघायची, उशीर होतो हे माहीत असूनही, कारण पुराआधी घातलेलं वाया जातं. खोडवा निघाला की उभी-आडवी नांगरट, आणि ती सकाळी, म्हणजे साळुंक्या आणि बगळे मागं येतात. भुंगेरे धरायला शेजारच्या मळ्यातली माणसं हवीतच, त्यासाठी वळवाच्या आधी तात्या त्यांच्याकडं जाऊन बसणार आहेत. माझ्या बोलावण्यानं ते आले नसते.

रिकामा पट्टा राहणार. मामांनी अट घातली आहे: पुढल्या साली तो तात्यांच्या रानात जास्त आणि मामांच्या रानात कमी. तात्यांना अजून सांगितलेलं नाही.